भिकी डॉट इन

पडद्यावर निळ्या अक्षरांत प्रश्न आला : 'तुम्हाला भिकारी असे म्हणायचे आहे का?' आणि 'भिकी' टाइप करून शोधणारा प्रेमभाई खुदकन हसला. वाईट मनाने नाही. शिंक यावी तसं त्याला हसू आलं आणि लगेच त्याने तोंडावर हात धरला. "सॉरी भाभी. मशीन है, इसको अक्कल नहीं." शेजारच्या स्टुलावर रविना बसली होती, भिकीची लेक, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने मान खाली घातली ती थेट मोबाइलमध्येच. दुकान उल्हासनगरातलं, कॅम्प नंबर चारमधलं, अस्तराच्या दुकानावरचं एक चिंचोळं माडीघर. खाली भिकी दर महिन्याला अस्तर आणि हूक घ्यायला यायची, आणि माडीवर व्यापाऱ्यांच्या वेबसाइटी करून देणारा हा प्रेमभाई बसतो हे खालच्या शेटकडूनच तिला कळलं होतं. तिला फार लागलं असंही नाही. त्रेचाळीस वर्षांत या नावावरून याहून वाईट बोललेलं तिने ऐकलं होतं. पण ती बोलणारी माणसं होती, त्यांना तोंड होतं, तिथल्या तिथे परतफेड करता येत होती. इथे कुणाला फेडणार? आणि विचारलंही होतं कसं, तर अदबीने. तुम्हाला. असे म्हणायचे आहे का. शाळेतल्या पोरांनी निदान 'भिकी, भीक दे' म्हणून वेणी तरी ओढली होती. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या आणि हातातली हुकांची पुडी तिने इतकी दाबली की एक हूक कागदातून बाहेर येऊन बोटाला टोचलं. तिने बोट तोंडात घातलं आणि त्या निळ्या ओळीकडे बघत राहिली. नाही, ती मनात म्हणाली, मला तसं म्हणायचं नाही. मला जे म्हणायचं होतं तेच मी म्हटलंय.

आपल्याकडे नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचा फरक. भिकीच्या बाबतीत तेवढाही राहिला नाही. बारवीच्या धरणापलीकडच्या पाड्यात तिच्या आधीची तीन पोरं गेली. एक बारशाआधी, एक रांगताना, एक चांगलं चालतंबोलतं. त्यांची नावं चांगली होती म्हणे, देवाधर्माची. चौथीच्या वेळी आईने, रखमाने, देवाशी भांडण काढलं. बाळंतपणाला बारा दिवस झाले नाहीत तोच ओल्या अंगाने उठली, सुपात मुलगी घातली आणि पाच घरांपुढे उभी राहून म्हणाली, "भीक वाढा." पाच घरांनी मूठ मूठ तांदूळ सुपात घातले, मुलीच्या पायांशी. म्हणजे ही आता रखमाची नाही, मागून आणलेली. मागून आणलेल्या वस्तूवर मरणाची नजर जात नाही. बाप नवसू, तो स्वतः नवसाचा. त्याला हे पटलं नव्हतं, पण बायकोच्या डोळ्यांकडे बघून त्याने अडवलं नाही. भिकीने पुढे कधीतरी चिडून विचारलं होतं, दुसरं काही सुचलं नाही का तुला? तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. "कोनाला नको वाटंल असंच नाव पायजे व्हतं," ती म्हणाली. "नेनाऱ्यानं नाव वाचून परत जायला पायजे. आनि गेला का नाय परत?" एवढं बोलून तिने फुंकणी उचलली. गेला होता परत. हे बसलेलं शरीर, हे टोचलेलं बोट, हाच त्याचा पुरावा.

लग्नात ते नाव गेलं. साईनाथचं घर बदलापूरला, तो अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत पाळीवर. शिकलीसवरली माणसं, म्हणजे तसं त्यांना वाटायचं. सासूने ताटात तांदूळ पसरले, साईनाथच्या हातात अंगठी दिली आणि त्याने 'रंजना' लिहिलं. पुन्हा तांदूळच. पाच घरच्या तांदळांनी दिलेलं नाव एका ताटातल्या तांदळांनी काढून घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि भिकीनेही खाली मान घालून गोड मानून घेतलं, कारण खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. सुटले, असं वाटलं होतं. मग बावीस वर्षं ती रंजना. रेशन कार्डावर रंजना, रविनाच्या शाळेत रंजना, आणि घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकली तेव्हा पाटीवरही 'रंजना लेडीज टेलर'. रंजना या बाईविषयी तिची काही तक्रार नव्हती. ती कामसू होती, वेळेवर कपडे द्यायची, गिऱ्हाइकाशी गोड बोलायची. पण कात्री हातात घेतली की ती रंजना कुठेतरी बाजूला जाऊन उभी राहायची. कापडावर खडूने रेघ मारताना जी आतून 'इथं नाही, अर्धा इंच वर' असं सांगायची ती दुसरीच कुणी होती, आणि तिला रंजना म्हणून हाक मारली असती तर तिने वळूनही पाहिलं नसतं.

लॉकडाऊनच्या वर्षी दुकान बंद पडलं तेव्हा रविनाच्या डोक्यातून ब्लॉग निघाला. 'मम्मी, तुला एवढं येतं, लिही ना.' सुरुवातीला रविना टाइप करायची. नंतर भिकी फोनमध्ये बोलायला शिकली. ती बोलायची आणि फोन लिहायचा. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, म्हटलं की तो मुंडका लिहायचा, मग दोघी हसायच्या. छत्तीस छातीचा ब्लाउज कसा कापायचा हे सांगणारे शेकड्यांनी आहेत, तिने ते लिहिलं नाही. मापांच्या तक्त्यात न बसणाऱ्या बायांचं लिहिलं. कडेवर हंडा वाहून एक खांदा चढलेली बाई. ऑपरेशनमध्ये छातीची एक बाजू काढलेली बाई, जिचं माप घेताना शिंप्याला नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. आणि सगळ्यांत आधी लिहिलं ते मोळीच्या मानेचं. हा शब्द तिचाच. जन्मभर डोक्यावर लाकडाची मोळी वाहिलेल्या बाईची मान पुढे येते, मानेमागे मांसाचा उंचवटा धरतो, आणि साध्या कटिंगचा ब्लाउज मागून वर चढून पाठ उघडी पाडतो. शिंपी म्हणतात, बाई नीट उभ्या राहा. नीट कशी उभी राहणार? ती तशीच नीट उभी आहे. म्हणून पाठीची उंची पाऊण इंच वाढवावी आणि मागच्या गळ्याला दोन चिमटीएवढे टक्स घ्यावेत. 'माझ्या आईची मान अशीच होती,' असं तिने त्यात लिहिलं होतं, 'तिला पहिल्यांदा असा ब्लाउज घातला तेव्हा तिने हात मागे नेऊन पाठ चाचपली आणि म्हणाली, आता वारा नाय लागत.' हे लिहिलं तेव्हा रखमाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बोलताना भिकीचा आवाज फुटला आणि तिथे फोनने दोन शब्द गाळले. ते तिने तसेच राहू दिले.

आणि गेल्या महिन्यात अंबरनाथहून शिवणक्लासची एक मुलगी तिच्याकडे आली, फोन पुढे केला आणि म्हणाली, "काकी, तुम्हाला मोळीची मान कटिंग येतं का? या मॅडमनी शोधून काढलंय." कुठल्या तरी फॅशन अकॅडमीची गुळगुळीत वेबसाइट. वर जिज्ञासा मॅडमचा फोटो, बोटं हनुवटीखाली, मान हंसासारखी सरळ. खाली भिकीचा लेख. पाऊण इंच होता, दोन टक्स होते, गाळलेले दोन शब्दसुद्धा गाळलेलेच होते. आणि 'माझ्या आईची मान अशीच होती' हेही होतं. भिकीने ती ओळ तीनदा वाचली. कटिंग चोरलं असतं तर तिने दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. कटिंग काय, ज्याच्या हाती कात्री त्याचं. पण आई? जिज्ञासाच्या आईने कधी मोळी उचलली होती? बारवीच्या जंगलातून बदलापूरच्या बाजारापर्यंत अनवाणी कोण चाललं होतं? शोध घेतला की जिज्ञासाचं पान पहिलं यायचं, आणि भिकीचं कुठे यायचं ते रविनाला शोधूनही सापडेना. भिकीने आपला ब्लॉग दाखवला तर त्या मुलीने भाबडेपणाने विचारलं, "काकी, तुम्ही मॅडमचं बघून लिहिलं का?" पाड्यातल्या बायका बोलून चालून भांडकुदळ, पण त्या दिवशी भिकी मशीनवरून उठली. ती आत गेली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि उभ्यानेच सगळा संपवला.

"देखो भाभी," प्रेमभाई समजावत होता, "तुमचा ब्लॉग फुकटच्या पत्त्यावर आहे ना, म्हणजे समझो तुम्ही भाड्याच्या खोलीत राहता आणि पत्र घरमालकाच्या नावाने येतं. मशीन घरमालकाला ओळखतं, तुम्हाला नाही. त्या मॅडमचं स्वतःचं डोमेन आहे, स्वतःचं नाव आहे, म्हणून मशीनला वाटतं असली ती, आणि नकली तुम्ही. अपना नाम लगाओ. मग जे लिहाल ते सगळं त्या नावावर जमा होत जाईल. एक दिन में नहीं होगा, लेकिन होगा."

"मग लावा की नाव."

"तेच तर बघतोय. रंजना सगळे गेले. रंजना टेलर गेलं, रंजना ब्लाउज गेलं, रंजनाच्या पुढे आकडा लावलेलं पण गेलं." त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. "म्हणून विचारलं, दुसरं काही नाव आहे का. तुम्ही भिकी बोलल्या, तर मी आधी बघितलं, या नावाने आणखी कोण आहे." तो परत हसू आवरत होता. "कोणीच नाही."

"मम्मी, प्लीज," रविना मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली. "आपण रविनाज कुटूर घेऊया ना. किती छान वाटतं. पुढे मी पण चालवेन."

"कुटूर म्हणजे काय गं?"

"म्हणजे... शिवणकामच. फ्रेंच आहे."

"आपल्यात कोण फ्रेंच आहे?"

"मम्मी, जोक नको. माझ्या कॉलेजच्या पोरी सर्च करतील. भिकी की बेटी बोलतील मला. तू नाही ऐकत गं ते, मला ऐकायला लागेल."

भिकीने लेकीकडे पाहिलं. खरंच ऐकावं लागणार होतं पोरीला, यात काही खोटं नव्हतं. तिला रविनाची दया आली. वर्गाच्या दारात उभी असलेली एक मुलगी आठवली, गुरुजींनी हजेरीत नाव घेतलं की जी 'हजर' इतक्या हळू म्हणायची की गैरहजेरी लागायची. कितीतरी दिवस ती शाळेत असून शाळेत नव्हती. तिच्या मनात आलं, घ्यावं लेकीचं नाव. तरुण आहे, सुंदर आहे, चार लोकांत शोभणारं आहे. आयांनी हेच तर करायचं असतं. आणि मग, कुठून कोण जाणे, नाकात ओल्या लाकडाचा वास आला, आईच्या मानेचा, घामाचा आणि सालीचा, आणि तिला एकदम संताप आला. जिज्ञासाने आई नेली, सासरने नाव नेलं, आणि आता उरलंसुरलं लेकीच्या लाजेखातर आपणच पोत्यात भरून द्यायचं? आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली. आपल्या मापाचं असं जगात एक होतं, ते कुणी तरी आपल्यासाठी भांडून, ओल्या बाळंतपणात उठून, दारोदार उभं राहून आणलं होतं, आणि आपण ते कोनाड्यात टाकून दिलं.

"प्रेमभाई," ती म्हणाली, "भिकी टाका. नुसतं भिकी."

"नुसतं? भाभी, इतना छोटा नाम कभी खाली नहीं मिलता. चार-पाच इंग्रजी अक्षरांचं नाव लोक आधीच धरून ठेवतात, आमचे व्यापारी तर..." बोलता बोलता त्याने अक्षरं दाबली आणि बोलायचा थांबला. चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकला. "खाली आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं, तिथे व्यापाऱ्याचा आदर आला होता. "भिकी डॉट इन. अव्हेलेबल. भाभी, असं नाव मला माझ्या पोरासाठी नाही मिळालं."

भिकीला हसू फुटलं. आता ती हसली, पोटातून, त्या चिंचोळ्या माडीत मावणार नाही इतकं, आणि रविना दचकून बघायला लागली. सगळ्या जगाने रंजना घेतल्या, रविना घेतल्या, जिज्ञासा घेतल्या. जे नाव मरणाला नको वाटावं म्हणून ठेवलं ते जगालाही नको होतं, आणि म्हणून ते बिनबोभाट तिच्यासाठी शिल्लक राहिलं होतं. रखमाबाई, काय डोकं होतं गं तुझं! "घ्या ते," ती म्हणाली. "आणि माझ्याच नावावर घ्या. भिकी नवसू मेंगाळ. नवऱ्याचं नाही, बापाचं."

प्रेमभाईने मग बराच वेळ काय काय केलं. एका जागचे आकडे दुसऱ्या जागी नेऊन चिकटवले, म्हणाला, हा झाला धागा, इकडून नाव, तिकडून ब्लॉग, दोन्ही जोडले. जुन्या पत्त्यावर कुणी आलं तर आपोआप नव्या दारात येईल. जगभर पसरायला एक-दोन दिवस लागतील. भिकीला त्यातलं जोडणं तेवढं कळलं, आणि शिवण पक्की बसली की नाही हे बघायला जशी ती दोन्हीकडून कापड ओढून बघते, तसं तिने त्याला दोनदा विचारलं, सुटणार नाही ना? रविना परतीच्या रिक्षात मोबाइलमध्येच होती. बदलापूरला उतरताना एवढंच म्हणाली, "पप्पांना तू सांग."

साईनाथला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. साधा माणूस, आवाज न चढवणारा. म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागायचं. "मी तुला चांगलं नाव दिलं," तो ताटाकडे बघत म्हणाला, "चार माणसांत बसवलं. आता लोक म्हणतील साईनाथची बायको भिकी. तुला बरं वाटंल?" ती म्हणाली, "लोक ब्लाउज शिवायला येतात, नाव शिवायला नाय." त्यावर त्याने भात कालवला आणि विषय संपला, म्हणजे घरांत संपतात तसा. तो तिला रंजनाच म्हणत राहिला, जरा जास्तच वेळा. पाटी बदलायचं तिने काढलं तर म्हणाला, पाटी भिंतीवर आहे आणि भिंत माझ्या बापाची आहे. पाटी राहिली. भिकीने वाद घातला नाही, पण लिहायची थांबली नाही. प्रत्येक लेखाखाली आता नाव असायचं. मोळीच्या मानेच्या लेखात तिने एकच भर घातली : माझी आई म्हणजे रखमा नवसू मेंगाळ, आणि ती लाकडं कुठून कुठे वाहायची ते. आणि भाताच्या खाचरात वाकून वाकून बसलेली कंबर, आणि कंपनीत खोकी उचलून सुजलेले दंड, असं एकेक अंग ती लिहीत गेली. रविना मदत करायची नाही, पण दर रविवारी न विचारता शोध घेऊन निकाल सांगायची, दुष्ट आनंदाने. "आज सातव्या पानावर." "आज पण सातव्या." मग एकदा "चौथ्या," आणि त्या वेळी तिच्या आवाजातला आनंद कुठला होता ते तिचं तिलाच कळलं नसावं. जिज्ञासाचं पान वर होतं ते वरच होतं. भिकी म्हणायची, असू दे, तिची मान सरळ आहे, तिला वरच बघवणार.

डोमेन घेऊन सहा महिने झाले असतील. दुपारची वेळ. साईनाथ पहिली पाळी करून आला होता आणि उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून पाय पसरून बसला होता. भिकी आत मशीनवर होती. गल्लीच्या टोकाला रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मग दारात एका बाईचा, खेड्यातला, दमलेला. "दादा, भिकीबाई मेंगाळ हितंच ऱ्हातात ना? नातवानं मोबाइलात बघून दिलं. वांगणीहून आलेय." भिकीचा पाय मशीनच्या पायपट्टीवर थांबला. तिला वाटलं, तो वळेल आणि आत हाक मारेल. आता तरी. मग साईनाथचा शांत, समजूतदार आवाज : "नाही हो मावशी. भिकी-बिकी इथं कुणी नाही. हे रंजनाचं दुकान आहे, वाचा पाटी." बाई म्हणाली, "मला वाचता येत नाय, बाबा," आणि चपलांचा आवाज लांब जायला लागला.

भिकी उठली. सुई कापडात तशीच. गळ्यात टेप, पदरावर दोऱ्याचे तुकडे, पायात काही नाही. साईनाथच्या पसरलेल्या पायांवरून ती ओलांडून गेली तेव्हा त्याने "रंजना" म्हटलं, पण तिने वळून पाहिलं नाही. गल्लीच्या टोकाला बाई रिक्षात पाऊल टाकत होती. पाठमोरी, मान पुढे आलेली, ब्लाउज मागून वर चढलेला, खाली पाठीची काळी पट्टी उन्हात उघडी पडलेली. धावून गाठणं शक्य नव्हतं. हाक मारायला हवी होती, आणि बाईचं नाव तिला ठाऊक नव्हतं. एकच नाव होतं जे त्या बाईला थांबवू शकत होतं. भिकीने श्वास घेतला. त्रेचाळीस वर्षांत या नावाची हाक दुसऱ्यांनीच मारली होती, कुणी मायेने, कुणी चिडवायला. तिने स्वतः ते कधी ओरडून घेतलं नव्हतं, आणि माणूस स्वतःला हाक तरी कधी मारतो?

"भिकीऽऽ!" ती ओरडली. वरच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या. किराण्याच्या दुकानातून दोन डोकी बाहेर आली. रविना खिडकीत आली. "ओ मावशीऽ! भिकी! मी भिकी! मीच भिकी मेंगाळ!" आवाज असा गेला की रिक्षावाल्याने चालू केलेलं इंजिन बंद केलं. बाईने पाऊल खाली घेतलं, आणि मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग फिरवून तिच्याकडे पाहिलं.

भिकीने गळ्यातली टेप काढून हातात घेतली. अख्खी गल्ली बघत होती, साईनाथ खुर्चीतून उठून उभा राहिला होता, आणि तिला कुणालाच काही समजवायचं नव्हतं.

"या आत," ती त्या बाईला म्हणाली. "आधी मान दाखवा."